ब्रेक किती तापणार, ते आधी विचारा

ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणारी बाराशे किलोची गाडी ८० वर आणायची, तर जवळपास नऊ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये जिरते. त्यातला साधारण सत्तर टक्के भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. पुढच्या दोन्ही डिस्कचं वजन मिळून दहा किलो धरलं, तर एकदा जोरात ब्रेक मारला की त्या सव्वाशे-दीडशे अंशांनी तापतात. रस्त्यावर त्यांना गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर मिळत नाही, पुढचं वळण आलेलंच असतं.

पुण्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये ट्रॅकची तयारी करायला जी मुलं येतात, त्यांना मी आधी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. त्यांचा प्रश्न असतो, ‘ताई, सगळ्यात जोरात पकडणारं पॅड कोणतं?’ खरं तर विचारायला हवं की ते किती तापमानाला पकडतं.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या आकड्यांच्या शेवटी बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याच्याही वर. मात्र ही चाचणी साधारण साडेतीनशे अंशांच्या आतच संपते. त्यामुळे अक्षरं चांगली असली म्हणून पॅड ट्रॅकवर टिकेलच, असं धरून चालू नका.

गाडीसोबत येणारं पॅड शहरासाठी बनवलेलं असतं. सकाळी पहिल्या सिग्नललाही ते नीट पकडतं, आवाज करत नाही, डिस्क फार खात नाही. पण ट्रॅकवर काही फेऱ्यांतच ते आपल्या मर्यादेपलीकडे तापतं. पेडल पायाखाली घट्टच लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. उलट पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं, तर बहुतेकदा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असा मापदंड आहे. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणून पॅडवर हजारो रुपये घालवण्याआधी ऑइल बदला. घाट उतरणाऱ्या घरच्या गाडीलाही दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं.

आता रेसिंगचं पॅड. पाचशे-सहाशे अंशांतही ते इमानाने पकडतं. पण त्यातली बरीचशी पॅड थंड असताना सुस्त असतात, आणि जुलैतल्या ओल्या सकाळी शाळेसमोर पोर आडवं आलं तर तुमचं पॅड थंडच असणार. अशी पॅड घालून मी कोणाचीही गाडी शहरात चालवायला देत नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

आमच्याकडची काही पोलोवाली मंडळी कोइंबतूरजवळ चेट्टीपाळयमच्या कारी मोटर स्पीडवेवर जातात. ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, पण पुण्याहून तिथे पोचायचं तर हजार किलोमीटरच्या वर हायवे तुडवावा लागतो. त्यांना मी सांगते, जाता-येता रस्त्याची पॅड ठेवा, ट्रॅकची डिकीत न्या आणि पॅडॉकमध्ये बदला. शक्य असेल तर डिस्कचाही जोड वेगळा ठेवा. पॅड घासताना आपल्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर सोडतं आणि त्या थरावरच पुढे पकड येते. एकाचा थर आणि दुसरंच पॅड, हे पुष्कळदा जमत नाही.

पेडल थरथरलं की सगळे म्हणतात, डिस्क वाकडी झाली. रेसिंगमधले नावाजलेले अभियंते कॅरोल स्मिथ यांनी फार पूर्वीच लिहून ठेवलंय की बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर असमान बसलेला असतो. त्या डागांखालचं लोखंड जास्त तापतं आणि साधारण ६५० अंशांच्या पुढे तिथे सिमेंटाइट नावाचा कठीण भाग तयार होतो. मग लेथवर फेस मारूनही थरथर काही दिवसांनी परत येते.

भोकंवाली डिस्क दिसायला देखणी, म्हणून तिला मागणी फार. जुन्या काळी पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट द्यायला ती भोकं उपयोगी होती. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज नाही, उलट उष्णता साठवणारं लोखंडच कमी होतं. ट्रॅकवरून उतरलेली अशी एक डिस्क मी दुकानात टांगून ठेवली आहे. भोकाभोकातून केसासारख्या चिरा निघाल्यात, दोन चिरा तर कडेपर्यंत पोचल्यात. नख फिरवलं की अडकतं. ट्रॅकसाठी साधी, मधून हवा खेळणारी जाड डिस्क घ्या, फार तर खाचांची. खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅडही लवकर झिजवतात. आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी मायक्रोमीटरने मोजून पाहा, डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका.

नवं पॅड बसवलं की कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने ते बसू द्या. बहुतेक पद्धतींत मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून अनेकदा ब्रेक दाबतात, पण गाडी पूर्ण थांबवत नाहीत, आणि मग ती तशीच चालवत ब्रेक गार होऊ देतात. ट्रॅकवरही शेवटची फेरी ब्रेकला जवळपास हात न लावता, हळू मारा. पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून उभे राहू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा शिक्का उठतो. गाडी बंद करून गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली दगड लावा.