एकट्याचा चर वाहत नाहीं

पाण्यावांचून पीक जातें, हें सर्वश्रुत आहे. अतिपाण्यानें जमीनच जाते, हें नीरा डाव्या कालव्यानें शिकविलें. १८८५ च्या सुमारास कालवा वाहूं लागला आणि ऊंस फोफावला. परंतु निचऱ्याअभावीं भूजल वर चढलें. त्याबरोबर आलेले क्षार, पाणी उडून जातांच, पृष्ठभागीं साचले व शेतें खारावलीं. अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठीं मुंबई सरकारनें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांचा खास विभाग उघडला. त्यांतूनच खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उदयास आली. १९३२ सालीं नीरेच्याच खोऱ्यांत पाडेगांवचें ऊंस-संशोधन केंद्र निघालें.

उपाय सांपडले: पाणी मोजून द्यावें, निचऱ्याचे चर काढावे. तथापि सुधारलेलें बेणें शेतकरी एकटा घरीं नेऊं शकतो. चर मात्र शेजाऱ्याच्या रानांतूनच ओढ्यास मिळावयाचा. म्हणून संशोधन केंद्राचें दार एकेका पाहुण्यास उघडून भागत नाहीं. एका चारीवरील सर्व खातेदारांनीं तेथील प्रयोग एकत्र पाहिला पाहिजे. २००५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची तरतूद झाली. संशोधकांनीं या संस्थांस सहकारी मानलें, तरच अहवालांतील ज्ञान शेतांत उतरेल. एरवीं ज्ञान वाढत जाईल आणि जमीन खारावत जाईल.