डीएसएल जोडणीचे प्रकार

डीएसएल अर्थात डिजिटल सबस्क्राइबर लाइन हे दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट पुरवणाऱ्या तंत्रज्ञानांचे सामायिक नाव आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांसह मुंबईबाहेरील महाराष्ट्रात ही सेवा प्रामुख्याने भारत संचार निगम लिमिटेडच्या (बीएसएनएल) दूरध्वनी जाळ्यावरून दिली गेली.

कार्यपद्धती

संभाषणासाठी तारेवरील सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतची वारंवारता पुरते. त्यावरील वारंवारता डीएसएल वापरते; त्यामुळे एकाच तारेवर दूरध्वनी व इंटरनेट एकाच वेळी चालतात. स्प्लिटर हे छोटे उपकरण हे दोन संकेत वेगळे करते. ग्राहकाच्या मोडेमचा संपर्क दूरध्वनी केंद्रातील डीस्लॅम या यंत्रणेशी होतो. वारंवारता जितकी उच्च, तितका संकेत तारेत लवकर क्षीण होतो. म्हणून तार लांबली की वेग घटतो.

प्रकार

* एडीएसएल (१९९९) : वापर सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत. माहिती उतरवण्याचा कमाल वेग सुमारे ८ मेगाबिट प्रतिसेकंद. चढवण्याचा वेग बराच कमी.
* एडीएसएल२+ (२००३) : वापर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, कमाल वेग सुमारे २४ मेगाबिट. तार काही किलोमीटर लांब असल्यास हा वेग एडीएसएलच्या जवळपास येतो.
* व्हीडीएसएल२ (२००६) : वापर ३० मेगाहर्ट्झपर्यंत. अगदी कमी अंतरावर १०० मेगाबिट शक्य. साधारण दीड किलोमीटरपुढे विशेष लाभ उरत नाही.
* एसएचडीएसएल : दोन्ही दिशांना समान वेग. त्याच तारेवर साधा दूरध्वनी चालत नाही, त्यामुळे वापर मुख्यतः कार्यालयांत.

मोडेम

मोडेम व डीस्लॅम यांना एकच मानक अवगत असावे लागते. व्हीडीएसएल२ चे अनेक मोडेम एडीएसएल२+ वरही चालतात. परंतु एडीएसएलचा मोडेम व्हीडीएसएल२ च्या जोडणीवर चालत नाही. अधिक क्षमतेचा मोडेम घेतल्याने मूळ जोडणीचा वेग वाढत नाही. एडीएसएल मोडेममध्ये व्हीपीआय व व्हीसीआय हे दोन अंकही भरावे लागतात; बीएसएनएलसाठी ते सामान्यतः ० व ३५ असत.

खानदेशातील वापर

भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाला ब्रॉडबँड मानले. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ नावाने एडीएसएल आधारित सेवा सुरू केली. जळगाव वा धुळे शहरात केंद्राजवळ राहणारा ग्राहक आणि गावाबाहेरील मळ्यात राहणारा ग्राहक यांची योजना एकच असली, तरी मळ्यापर्यंतची लांब तार व तिच्यावरील गंजलेले सांधे यांमुळे प्रत्यक्ष वेगात मोठा फरक पडतो. पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरल्यास जोडणी वारंवार तुटते. अशा वेळी मोडेम बदलण्यापूर्वी त्यातील ‘सिग्नल-नॉईज मार्जिन’ व ‘ॲटेन्युएशन’ हे आकडे पाहावेत. मार्जिन साधारण ६ डेसिबलखाली गेल्यास दोष तारेत असण्याची शक्यता अधिक असते.

अलीकडे तांब्याच्या तारेची जागा ऑप्टिकल फायबर घेत आहे. फायबरच्या जोडणीला ओएनटी हे निराळे उपकरण लागते. डीएसएल मोडेमची तार तिला थेट जोडता येत नाही.