वाळेल तेच आणा

पहाटे साडेपाच
मेचा तिसरा आठवडा. पंखा रात्रभर पाचवर, तरी उशी मानेखाली ओली. माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना ही वेळ गार वाटते, पण हवेतला दमटपणा दिवसभरात सर्वांत जास्त असतो तो याच वेळी. उठल्याउठल्या मी दोरी चाचपते. काल संध्याकाळी घातलेले पंचे आणि सुती साडी वाळली आहे. वरच्या खोलीतल्या मुलाची जीन्स मात्र कमरेपाशी ओलीच, आणि तिला कुबट वास यायला लागलाय. आता तिला दुपारचं ऊन लागेल तेव्हा खरं.

साडेसहा
कोळीवाड्यात जाऊन आले. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून अलिबागजवळच्या आमच्या थळात सध्या आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई. नेहमीच्या मावशींकडे जवळा घेतला. त्यांनी मूठभर उचलून माझ्या कानापाशी चुरला.
"वाजला ना? मग घे. नरम असंल तर पावसात अळ्या पडतील, मग माझ्या नावानं बोंबलशील."
घरी आल्यावर तोच जवळा मी पुन्हा गच्चीवर पसरला. मावशींवर विश्वास आहे, हवेवर नाही.

आठ
पाहुण्यांना खांदेरीच्या होडीत बसवलं. शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून 'होडी मिळेल का' हा पहिला प्रश्न असतो. दुसरा विचारायला हवा तो कोणी विचारत नाही: पायात काय घालू? होडीत चढता-उतरता पाणी पायाला लागतंच. चामड्याची चप्पल एकदा भिजली की दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी. रबरी सँडल उत्तम. टोपी, माणशी दोन बाटल्या पाणी, चिमूटभर मीठ-साखर. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते, म्हणून तो अर्धा तास पिशवीतच राहू दे म्हटलं. मुलाने ऐकलं नाही. धक्क्यावर टीशर्टाने भिंग पुसत बसला होता.

दहा
नागपूरहून फोन. पुढच्या आठवड्यात अलिबागला लग्न आहे, उतरायला माझ्याकडे येणार.
"ताई, आमच्याकडे पंचेचाळीस आहे न! तुमच्याकडे मोबाइल तेहेतीस दाखवतो. म्हणजे थंडच की."
हा फोन दरवर्षी येतो, माणसं बदलतात. मोबाइलवरच्या आकड्याने निम्म्या बॅगा चुकीच्या भरल्या जातात. मी विचारलं, तुमच्याकडे कूलर चालतो ना? जोरात, म्हणाल्या. इथे तो चालत नाही. कूलर गार करतो ते पाणी उडवून, आणि हवा आधीच पाण्याने भरलेली असली की पाणी उडणार कुठे? घामाचंही तेच. नागपुरात घाम येतो आणि सुकतो, अंग निवतं. इथे तो ओघळतो आणि कपड्यात मुरतो. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच.
त्यांना उन्हाची सवय आहे, डोक्याला दुपट्टा बांधतील. ओलीची सवय नाही. म्हणून सांगितलं: कपडे निम्मेच आणा, पण रातोरात वाळतील असे. सैल, पातळ, सुती. जीन्स एकही नको. आतले कपडे मात्र जास्त आणा, दिवसातून दोनदा बदलावे लागतील. घामोळ्यांची पावडर, मुलांसाठी तर नक्की. प्लॅस्टिकच्या चार रिकाम्या पिशव्या, ओलं वेगळं ठेवायला. आणि चिवडा करून आणणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात. पुड्यातला संध्याकाळपर्यंत सादळतो.
"टॉवेल?"
जाड नको. पंचा आणा.

दीड
आंबट वरण, भात, बांगडा, सोलकढी. होडीवाले परतले, सगळ्यांचे चेहरे लाल, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. मुलगा कॅमेऱ्यातल्या तोफा दाखवत होता.

साडेतीन
वारा आता समुद्राकडून, जरा बरं. माझी स्वतःची पावसाळ्याची बांधाबांध. मसाल्यावर हिंगाचा खडा, मिठात तांदळाचे दाणे, पापड पत्र्याच्या डब्यात. उन्हात तापलेला जवळा लगेच भरायचा नाही. डब्यात वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. निवू द्यायचा, मग झाकण.

सात
वीज गेली. वीस मिनिटांत आली, तरी वरच्या खोलीत आरडाओरडा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथल्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले, म्हणून मी प्रत्येक खोलीत विजेरी आणि हातपंखा ठेवते. पॉवर बँक तुमची तुम्ही आणा.

नऊ
नागपूरचा निरोप: लग्नात पैठणी नेसू की नको?
कळवलं: खुशाल नेसा. निघायच्या अर्धा तास आधीच बाहेर काढा, परत आल्यावर लगेच घडी घालू नका. घाम जरीला काळा करतो. रात्रभर पंख्याखाली पसरा, मग सुती कापडात गुंडाळा.
लगेच दुसरा: आणि बॅग मोठी असली तर? मुंबईहून बोटीने येणार आहोत.
गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, तुम्ही त्याआधी येताय. पण लाँचमध्ये चढताना बॅग तुमची तुम्हालाच उचलायची आहे. मोठीच आणायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्या, गाडीसकट चढा. मग खुशाल कपाट आणा.