वडिलांच्या नावावरची बंदूक : वारसांनी काय करावे?

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत, शेती संरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी ती ठासणीची असते. परवानाधारक वारला की सातबारावर वारस नोंद होते, गुरे-अवजारे वाटली जातात; बंदूक मात्र खुंटीवर तशीच राहते. "परवाना आहे ना कपाटात" असे घरचे म्हणतात. पण परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, घराचा किंवा जमिनीचा नव्हे. वारस नोंदीने बंदूक कोणाच्याही नावावर होत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान २ व कमाल ५ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. वापरली नाही, नुसती ठेवली होती, या सबबीवर विसंबू नये.

म्हणून दिवसकार्य आटोपताच पहिले काम म्हणजे बंदूक जमा करणे. याच कायद्याचे कलम २१ सांगते की, विनाकारण विलंब न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ठेवावी. उरलेली काडतुसे, दारू आणि केपाही सोबत द्याव्यात. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ठासणीची बंदूक कित्येकदा भरलेलीच टांगलेली असते आणि बाहेरून ते कळत नाही. ती भरलेलीच आहे असे समजून चालावे. घोडा ओढून पाहू नये, नळीत गज घालू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. आधी ठाण्यात कळवून ती कशी आणावी हे विचारावे. जमा केल्यावर बंदुकीचा क्रमांक व तारीख असलेली पावती घ्यावी. पुढचे सारे त्या कागदावर चालते.

बंदूक ठेवायची असेल तर एका वारसाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नमुना ए-१ मध्ये अर्ज करावा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो आयुक्तांकडे करावा लागतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडावे. घोडे अडते ते या पत्रापाशीच. एक भाऊ मुंबईत, बहीण सासरी, आणि वाटणीवरून अबोला! तेव्हा सह्या आधी मिळवाव्यात. पोलीस चौकशीनंतर परवाना मिळतो, त्याची मुदत आता ५ वर्षे असते. वारसाहक्काने आली तरी एका व्यक्तीजवळ दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

कोणालाच नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यास किंवा परवाना असलेल्या व्यक्तीस विकता येते. काहीच न करता ती ठाण्यात पडू दिल्यास मुदतीनंतर सरकारजमा होऊ शकते. त्याआधी ३० दिवसांची लेखी नोटीस येते, ती दुर्लक्षू नये.

वडील हयात असतील तर काम सोपे आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर, किंवा त्याने बंदूक २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वडिलांची सही मिळते आहे तोवर हे उरकून घ्यावे.

आजोबांची गंजलेली, चाप तुटलेली बंदूक असेल तर? दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या शस्त्राला कायद्यात सूट आहे. पण ती चालेल की नाही हे आपण घरी ठरवू नये. पोलिसांना दाखवून लेखी घ्यावे.

नवा परवाना हाती आला तरी रानडुकरावर लगेच बार काढता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे. पिकाची नासधूस झाली असल्यास वन विभागाकडे अर्ज करावा आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत बंदूक घरातच ठेवावी.