सगळ्या काविळी सारख्या नसतात

माणसाचे डोळे पिवळे दिसले, की आपण म्हणतो, कावीळ झाली. मग घरात उताऱ्याची गोष्ट निघते. कोणी गळ्यात माळ घालतो. कोणी नाकात पाल्याचा रस पिळतो. कोणी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतो आणि चुन्याच्या पाण्याने हात धुतो. पाणी पिवळे होते. लोक म्हणतात, "बघा, कावीळ उतरली!"

पाणी पिवळे होते ते सालीचा रस आणि चुना एक झाल्यामुळे. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी ते पिवळेच होईल. मग माणसे बरी कशी होतात? त्याचे असे आहे. खराब पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. नाव मात्र माळेचे होते.

पण काविळीचा दुसराही एक प्रकार आहे. ती आपोआप जात नाही. तिथे माळेवर घालवलेला महिना फार महाग पडतो. ही कावीळ कशी होते ते समजायला जरा पोटात डोकावू या.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे एक आडवा अवयव आहे. त्याला स्वादुपिंड म्हणतात. लांबीला तो वीतभराहून थोडा कमी. त्याची कामे दोन. अन्न पचवणारा रस तयार करून तो आतड्यात सोडतो. शिवाय इन्सुलिन तयार करून ते रक्तात सोडतो. इन्सुलिन रक्तातली साखर ताब्यात ठेवते.

आता पित्ताचे पाहा. पित्त यकृतात तयार होते आणि एका नळीतून आतड्यात उतरते. ही नळी वाटेत स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. इथेच सगळी गोम आहे. त्या डोक्यात कॅन्सरची गाठ झाली, तर नळी दाबली जाते. पाटात दगड अडकला, की पाणी पुढे जात नाही. ते मागे तुंबते आणि भलतीकडे पसरते. तसे पित्त रक्तात पसरते. डोळे पिवळे होतात. लघवी गडद होते. अंगभर खाज सुटते. मळाला रंग येतो तो पित्तामुळे. पित्त आतड्यात पोचले नाही, तर मळ पांढरट, शाडूच्या मातीसारखा होतो.

पुष्कळदा ताप नसतो, पोटही दुखत नाही. म्हणून तर माणूस फसतो.

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे असली, तर सुरुवातीला कावीळ होत नाही. वरच्या पोटात दुखते आणि कळ पाठीत जाते. उताणे निजवत नाही. पुढे वाकून बसले, की बरे वाटते. भूक मरते, वजन उतरते. पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह निघाला आणि माणूस वाळत चालला, तरीही तपासून घ्यावे.

आता घाबरून जाऊ नका हं. पित्ताच्या खड्यानेही नळी अडते. खडा की गाठ, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात, मग सीटी स्कॅन करतात.

गाठ लहान असली आणि पसरली नसली, तर ऑपरेशन करतात. अ‍ॅलन व्हिपल या अमेरिकन सर्जनने १९३५ मध्ये ही पद्धत मांडली. स्वादुपिंडाचे डोके, पित्ताशय आणि आतड्याचा पहिला भाग काढतात. उरलेले भाग पुन्हा जोडतात. काम अवघड आहे. ज्या मोठ्या इस्पितळात ते नेहमी होते, तिथेच करवून घ्यावे. ऑपरेशनच्या जोडीला बहुधा कॅन्सरची औषधे शिरेतून देतात. त्याला केमोथेरपी म्हणतात. एवढे करूनही आजार पुष्कळदा उलटतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

शंभर रोग्यांत पंधरा-वीस जणच ऑपरेशनजोगे असतात. बाकीच्यांचा आजार कळेपर्यंत पुढे गेलेला असतो. त्यांनाही नुसते घरी पाठवत नाहीत. केमोथेरपीने गाठीची वाढ काही काळ रोखता येते. तोंडावाटे दुर्बीण घालून दाबलेल्या नळीत छोटी नळी बसवतात. पित्त वाहू लागले, की कावीळ उतरते, खाज थांबते आणि माणसाला झोप लागते. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. घरच्यांनी "सवय लागेल" म्हणून त्या लपवू नयेत. कळा काढत ठेवण्यात कसला आलाय शहाणपणा?

हा आजार शिवाशिवीने होत नाही. रोग्याचे ताट वेगळे ठेवू नका. विडी, सिगारेट आणि चघळायची तंबाखू यांनी तो होण्याचा धोका वाढतो.

इस्पितळात जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड न्यावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटावे. जुने कागद बरोबर ठेवावेत. मळाचा रंग सांगायला लाजू नये. डॉक्टर तो विचारतीलच.