गेम जॅममधील निर्मितिप्रक्रिया : काळ, नियम आणि भाषा

१. प्रास्ताविक

कलाकृतीचा विचार करताना प्रथम तिचे माध्यम निश्चित केले पाहिजे, हा आग्रह बा. सी. मर्ढेकरांनी मराठी समीक्षेत रुजवला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथापासून चित्र, संगीत व साहित्य यांच्या माध्यमांची चर्चा मराठीत होत आली आहे. संगणकीय खेळ, म्हणजे रूढ भाषेत ‘व्हिडिओ गेम’, या चर्चेत फारसा आलेला नाही. अशा खेळात चित्र असते, संगीत असते, कथानक व संवादही असतात. त्यामुळे तो अनेक कलांचे मिश्रण मानला जातो आणि त्याचे स्वतःचे माध्यम कोणते हा प्रश्न बाजूला राहतो. मोठ्या संस्थांनी अनेक वर्षे खपून केलेल्या खेळांत तर हे मिश्रण इतके दाट असते की प्रश्नाचे उत्तर त्यातून वेगळे काढणे कठीण जाते.

याउलट, आठवड्याअखेरच्या दोन दिवसांत एखाद्या व्यक्तीने वा लहान गटाने केलेल्या खेळात हे मिश्रण विरळ होते. वेळेअभावी चित्रे ओबडधोबड राहतात, कथानक गळून पडते, संगीत दोन-चार सुरांवर येते. आणि तरीही जे उरते त्याला खेळणारा ‘खेळ’ म्हणून ओळखतो. हे जे उरते तेच या कलेचे माध्यम होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ‘गेम जॅम’ या उपक्रमाची पूर्वपीठिका, त्यातील निर्मितिप्रक्रिया आणि एका विशिष्ट खेळाची भाषिक घडण यांच्या आधारे हे प्रतिपादन येथे तपासले आहे.

२. संज्ञा आणि पूर्वपीठिका

‘जॅम’ ही संज्ञा जॅझ संगीतातून आली. पूर्वतयारीविना एकत्र जमून वादकांनी केलेल्या उत्स्फूर्त वादनाला ‘जॅम’ म्हणतात. मार्च २००२ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथे ख्रिस हेकर व शॉन बॅरेट यांनी ‘इंडी गेम जॅम’ आयोजित केला. पडद्यावर एकाच वेळी एक लाख हलत्या आकृती दाखवू शकणारी आज्ञावली सहभागी रचनाकारांना देण्यात आली होती, आणि तिच्या आधारे अल्पावधीत प्रयोगशील खेळ तयार करावयाचे होते. त्याच वर्षी जेफ हाउलंड यांनी ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा सुरू केली. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘खेळ देणे’ असा आहे. या स्पर्धेच्या एकट्याने खेळावयाच्या विभागाचे नियम कडक होते : मुदत ४८ तासांची, आज्ञावली, चित्रे व ध्वनी स्पर्धकाने त्याच मुदतीत स्वतः तयार केलेले, आणि अखेरीस मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केलेली. गुणदानही स्पर्धकच परस्परांचे खेळ खेळून करीत.

२००६ साली कोपनहेगन येथे ‘नॉर्डिक गेम जॅम’ भरू लागला. त्याच्या प्रेरणेने २००९ च्या जानेवारीअखेर पहिला ‘ग्लोबल गेम जॅम’ झाला आणि त्यात २३ देशांतील ५३ ठिकाणी रचनाकार एकत्र बसले. या सर्व उपक्रमांत समान असलेला घटक म्हणजे आरंभी जाहीर होणारा विषय. तो शब्दरूपच असतो असे नाही. ग्लोबल गेम जॅममध्ये २०१२ साली स्वतःचीच शेपटी गिळणाऱ्या सर्पाचे चित्र, तर २०१३ साली हृदयाच्या ठोक्यांचा ध्वनी विषय म्हणून देण्यात आला होता.

भारतीय साहित्यपरंपरेच्या अभ्यासकाला येथे समस्यापूर्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘काव्यसमस्यापूरण’ ही एक कला आहे. दिलेला चरण स्वीकारून उरलेले श्लोकार्ध वा श्लोक रचावयाचा, आणि तोही सभेसमोर, हे तिचे स्वरूप. समस्या आणि जॅमचा विषय यांत मात्र एक भेद आहे. समस्या रचनेचा अंश म्हणून श्लोकात जशीच्या तशी बसते. जॅमचा विषय खेळात प्रत्यक्ष दिसलाच पाहिजे असे नाही, तो खेळणाऱ्याच्या कृतीतून प्रत्ययास यावा अशी अपेक्षा असते.

३. ४८ तासांची वाटणी

४८ तास म्हणजे २,८८० मिनिटे. झोप व जेवण वजा केल्यावर प्रत्यक्ष कामासाठी तीस-बत्तीस तास उरतात. विषय कळल्यानंतरचे पहिले काही तास कल्पना सुचण्यापेक्षा सुचलेल्या कल्पना टाकून देण्यात जातात. अनुभवी रचनाकार कल्पना कागदावर चौकोन व सोंगट्या मांडून तपासतात. त्यानंतर शक्य तितक्या लवकर खेळता येईल असा पहिला, अत्यंत कच्चा आराखडा उभा केला जातो. त्यात नायकाच्या जागी साधा चौकोन आणि शत्रूच्या जागी वर्तुळ असले तरी चालते.

या आराखड्याच्या मुळाशी एक आवर्तन असते. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते वाचणे, त्यानुसार खेळातील विश्वाची स्थिती बदलणे आणि बदललेली स्थिती पडद्यावर रेखाटणे, या तीन क्रिया सेकंदाला साधारणतः साठ वेळा घडतात. यांपैकी दुसरी क्रिया, म्हणजे कोणत्या कृतीने काय बदलावे हे ठरवणे, रचनाकाराची खरी परीक्षा पाहते. युनिटी, गोडो यांसारख्या तयार साधनांमुळे पहिली व तिसरी क्रिया बव्हंशी सुकर झाली आहे. दुसरी प्रत्येकाला नव्याने रचावी लागते.

दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस छाटणी सुरू होते. दहा टप्पे योजलेले असतात, तेथे तीन उरतात; पाच शत्रूंच्या जागी एक राहतो. शेवटचे तास दोष काढण्यात व खेळ इतरांच्या संगणकावर चालेल असा करण्यात जातात. काळाची मर्यादा येथे संपादकाचे काम करते. जे काढल्याने खेळ मोडत नाही ते काढले जाते, आणि जे काढताच खेळ मोडतो ते सापडते.

४. उरणारा नियम

जे सापडते ते बहुधा एकच नियम असतो. २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये ‘सर्जन सिम्युलेटर’ हा खेळ ४८ तासांत तयार झाला. हृदयाच्या ठोक्यांचा विषय त्याने हृदयारोपणाच्या शस्त्रक्रियेतून मांडला. शल्यविशारदाच्या हाताची बोटे मात्र वेगवेगळ्या कळांनी हलवावी लागतात. साधे उपकरण उचलणेही त्यामुळे दुरापास्त होते आणि गंभीर प्रसंगातून हास्य निर्माण होते. हे हास्य संवादात नाही आणि चित्रातही नाही. बोटे व कळा यांना जोडणाऱ्या नियमात ते आहे. त्याच वर्षी सात दिवसांच्या एका जॅममध्ये पोलंडमधील रचनाकारांनी ‘सुपरहॉट’चा आरंभिक खेळ केला. त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : खेळणारा हलतो तेव्हाच काळ पुढे सरकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेला पूर्ण खेळ याच वाक्याचा विस्तार होय.

इयान बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात प्रक्रियांच्या द्वारे केलेल्या युक्तिवादाची संकल्पना मांडली. मराठी वाचकाला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. पटावरील शब्द घरांना नावे देतात. चढणे व घसरणे यांचा अनुभव नियम देतो. जॅममधील खेळ या पटाच्या जवळचा आहे, कारण त्याच्याकडेही आपला आशय सांगण्यासाठी नियमाखेरीज फारसे काही नसते.

५. ‘बाबा इज यू’ : वाक्याचा खेळ

नियम आणि भाषा यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो फिनलंडचे रचनाकार आर्वी तेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’ या खेळात. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय ‘नॉट देअर’, म्हणजे ‘तेथे नाही’, असा होता. विषयातील नकाराने तेइकारी यांचे लक्ष तर्कशास्त्रातील नकारवाचक क्रियेकडे गेले, आणि तप्त लाव्हारसात असूनही न वितळणाऱ्या बर्फाचे चित्र त्यांना सुचले. बर्फ वितळत नाही, कारण ‘बर्फ वितळत नाही’ असे वाक्य तेथे लिहिलेले आहे. या कल्पनेतून घडलेला खेळ त्या जॅममध्ये पहिला आला आणि पूर्ण रूपात मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या खेळात शब्द हे पटावरील ठोकळे आहेत. ‘बाबा’, ‘इज’, ‘यू’ हे तीन ठोकळे एका ओळीत आले की ‘बाबा’ नावाचा छोटा पांढरा प्राणी खेळणाऱ्याच्या स्वाधीन होतो. ‘वॉल इज स्टॉप’ हे वाक्य जुळलेले असेपर्यंत भिंत अडवते. त्यातील एक ठोकळा ढकलून बाजूला सारला की भिंतीतून आरपार जाता येते. ‘रॉक इज यू’ असे जुळवले तर खेळणारा दगड होतो. ‘बाबा इज यू’ हे वाक्यच मोडले आणि दुसरे तसे वाक्य नसेल, तर पटावर ‘तू’ उरत नाही आणि सारे थांबते.

जे. एल. ऑस्टिन यांच्या ‘हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ (१९६२) या ग्रंथाने उच्चारानेच कृती घडवणाऱ्या वाक्यांचा विचार रूढ केला. ‘बाबा इज यू’मधील प्रत्येक पूर्ण वाक्य या जातीचे आहे. ते विश्वाचे वर्णन करीत नाही, विश्व घडवते. मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अर्थवाद नाही, केवळ विधी आणि निषेध आहेत. इतर खेळांत आज्ञावलीत दडलेला नियम येथे पटावर उघड मांडलेला असतो, म्हणून माध्यमाचा प्रश्न या खेळात स्वतःच विषय बनतो.

६. मराठी वाक्याची कसोटी

हा खेळ मराठीत रचावयाचा झाल्यास काय घडेल, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. इंग्रजीत ‘पुश’ हा ठोकळा ‘रॉक’, ‘वॉल’ वा ‘ट्री’ यांपैकी कोणाशीही रूप न बदलता जोडता येतो. मराठीत ‘दगड ढकलण्याजोगा आहे’, ‘भिंत ढकलण्याजोगी आहे’, ‘झाड ढकलण्याजोगे आहे’ अशी तीन रूपे होतात. नामाचे लिंग विधेयावर उमटते, आणि ‘ढकलण्याजोगा’ हा ठोकळा भिंतीला लावता येत नाही. अनेकवचनात ‘आहे’चे ‘आहेत’ होते. शिवाय इंग्रजी वाक्यात ‘इज’ मध्यभागी असल्यामुळे त्या एकाच शब्दातून एक आडवे व एक उभे अशी दोन वाक्ये परस्परांना छेदू शकतात. मराठीत क्रियापद शेवटी गेल्याने हा छेद वाक्याच्या टोकाला सरकतो, आणि कोड्यांची रचनाच वेगळी करावी लागते.

यावर मराठीतच एक मार्ग आहे. ‘बाबा म्हणजे तू’, ‘भिंत म्हणजे अडथळा’, ‘निशाण म्हणजे विजय’ या वाक्यांत ‘म्हणजे’ मध्यभागी आहे, अविकारी आहे, आणि विधेय नामरूप असल्याने लिंगाची अडचणही उरत नाही. मात्र असे केल्याने खेळाचा अर्थ बदलतो. ‘म्हणजे’ हा व्याख्येचा, टीकेचा, शिकवण्याचा शब्द आहे. ‘भिंत म्हणजे अडथळा’ हे मोडणारा खेळणारा कायदा मोडत नाही, तो शब्दार्थ नाकारतो. आणि मूळ विषय जो नकार, तेथे अडचण पुन्हा उभी राहते. ‘बर्फ म्हणजे पाणी नव्हे’ या वाक्यात नकार विधेयानंतर, वाक्याच्या अखेरीस येतो. ‘नाही’ वापरावे तर ‘मी नाही’, ‘तू नाहीस’, ‘ते नाहीत’ असे त्याचे रूप कर्त्यानुसार पालटते. मराठीत नकार हा सुटा ठोकळा नसून स्वतः क्रियापद आहे. म्हणजे नियम भाषेबाहेर तयार होऊन नंतर शब्दांत उतरतो असे नाही. ज्या व्याकरणात तो सुचतो ते व्याकरण त्याच्या घडणीत सामील असते. मराठीतून असा खेळ रचू पाहणाऱ्याला भाषांतरकारापेक्षा वैयाकरणाची गरज अधिक भासेल.

७. आक्षेप आणि जतनाचा प्रश्न

दोन दिवसांत घडलेल्या कृतीला परिपक्वता कोठून येणार, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः मान्य करावा लागतो. जॅममधील बहुतेक खेळ अपुरे राहतात. ‘बाबा इज यू’लाही दोनशेहून अधिक कोड्यांचा पूर्ण आकार येण्यास दोन वर्षे लागली. अहोरात्र जागून काम करण्याचे कौतुक केल्याने उद्योगातील अतिश्रमांना प्रतिष्ठा मिळते, ही टीकाही दुर्लक्षणीय नाही. परंतु या आक्षेपांनी जॅमचे अभ्यासमूल्य कमी होत नाही. पूर्ण ग्रंथाइतकाच पहिला खर्डाही अभ्यासकाला मोलाचा असतो.

अधिक गंभीर प्रश्न हे खर्डे टिकण्याचा आहे. जॅममधील असंख्य लहान खेळ ‘फ्लॅश’ या तंत्रावर रचले गेले होते. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला आणि ते खेळ नेहमीच्या मार्गाने उघडता येईनासे झाले. ज्या स्पर्धांनी मूळ आज्ञावली खुली करण्याचा नियम केला, तेथे निदान हस्तलिखित उरले. पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्या विद्याशाखेला या परिस्थितीचे गांभीर्य सांगण्याची आवश्यकता नाही : लिपी वाचणारा नाहीसा झाला की पोथी असूनही नसल्यासारखी होते.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी संभवतात. संगणकीय खेळाचे माध्यम नियम हे असून काळाची मर्यादा ते उघडे पाडते. नियमाची घडण भाषेच्या घडणीपासून सर्वस्वी अलग नसते, म्हणून मराठीतून रचलेला खेळ मराठी व्याकरणाचे प्रश्न उपस्थित करील. आणि या कृती अल्पजीवी असल्यामुळे त्यांच्या संहिता जतन करण्याचे काम त्या हाताशी असतानाच व्हावयास हवे. हे काम तंत्रज्ञाचे जितके आहे तितकेच ते संहितेच्या अभ्यासकाचेही आहे.