हात पोचेल तीच टाकी

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला जागा, स्वयंपाकाचा ओटा, छोटंसं स्नानगृह आणि या सगळ्याला पुरेल एवढं गोडं पाणी साठवणारी टाकी. युरोपात अशा गाड्या घेऊन हिंडणारी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि तिथल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ही टाकी साधारण शंभर लिटरची असते. पाणी भरायचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतं, डिझेलच्या तोंडासारखं, किल्लीने उघडणाऱ्या झाकणाचं. एका हातात रबरी नळी, दुसऱ्या हातात झाकण आणि किल्ली, अशा धांदलीत काहीतरी निसटतं आणि थेट टाकीच्या तळाशी जातं. कधी किल्ली, कधी नळीच्या टोकाची जोडणी, कधी वायसर, कधी बोटातली अंगठी. ही वस्तू बाहेर कशी काढायची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण तो सोडवायला बसलं की टाकीबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट कळते: जिच्या तळाशी पडलेली वस्तू काढता येत नाही, ती टाकी नीट धुताही येत नाही. वस्तू काढण्याची सोय आणि पाणी स्वच्छ राखण्याची सोय या दोन्ही एकच आहेत, आणि ती सोय प्रत्येक टाकीत असायलाच हवी.

वस्तू निघणं अवघड का होतं, याचं उत्तर टाकीच्या घडणीत आहे. या टाक्या बहुधा पॉलिथिनच्या असतात. चालत्या गाडीत पाणी हेलकावू नये म्हणून काहींच्या आत आडव्या भिंती असतात. भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी नळी अरुंद आणि वळणाची असते. वस्तू वजनाने त्या वळणातून सहज खाली घसरते, पण वर येताना प्रत्येक वळणावर अडते. म्हणून भरायच्या तोंडातून तार घालून चाचपडत बसण्यात फारसा अर्थ नसतो. टाकी बाकाखाली किंवा पलंगाखाली बसवलेली असेल, तर तिच्या माथ्यावर बहुतेक वेळा फिरवून उघडायचं मोठं गोल झाकण असतं, आणि खरा मार्ग तोच. टाकी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल आणि तिला असं झाकण नसेल, तर भरायची नळी टाकीजवळ सोडवावी लागते किंवा पाण्याची पातळी दाखवणारा काटा काढून त्या भोकातून वाट शोधावी लागते.

पहिलं काम पंप बंद करण्याचं. पंप चालू राहिला तर वस्तू किंवा तिच्यासोबत हललेला गाळ त्याच्या तोंडाशी ओढला जातो, आणि पाण्यात बुडवून ठेवायचा पंप कोरडा फिरला तर जळू शकतो. दुसरं काम टाकी रिकामी करण्याचं. पाणी असताना वस्तू दिसते, पण जिथे दिसते तिथे ती नसते. वरून पाहताना पाण्याची खोली खरी असते त्याच्या पाऊणपटच भासते. तीस सेंटिमीटरवरची किल्ली साडेबावीसवर आहे असं वाटतं आणि चिमटा वरच्यावरच मिटतो. शिवाय हाताने ढवळलेलं पाणी नंतर प्यायचं तर नाहीच. शंभर लिटर पाणी वाया जाईल, ही तक्रार समजण्यासारखी आहे; पण ते पाणी बादल्यांत काढून धुण्याला वापरता येतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, आणि युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर सहसा साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येत असल्याने अनेक जण लांबच्या प्रवासाला टाकी जवळपास रिकामी ठेवूनच निघतात. टाकी ओतणं हे तिथे नेहमीचंच काम आहे.

आता वस्तू कशाची आहे हे पाहायचं, कारण हत्यार त्यावर ठरतं. चुंबक हा पहिला विचार डोक्यात येतो आणि पुष्कळदा तोच फसतो. दोरीला बांधलेलं निओडिमियमचं छोटं चुंबक लोखंडी बोल्ट झटक्यात उचलतं. पण पितळ, ॲल्युमिनियम, सोनं, चांदी यांना ते धरत नाही, आणि भांड्यांसाठी वापरतात त्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीललाही जवळपास नाही. कुलपांच्या पुष्कळशा किल्ल्या पितळेच्या असतात आणि वरून निकेलचा पातळ मुलामा असतो. मात्र किल्ली ज्या कडीत अडकवलेली असते, ती कडी बहुधा पोलादी असते. त्यामुळे सुटी किल्ली तळाशीच राहते आणि कडीतला जुडगा वर येतो. चुंबकाला न लागणाऱ्या वस्तूंसाठी लवचीक दांड्याचा चिमटा असतो. मागचं बटण दाबलं की पुढे चार नख्या उघडतात. वायसरसारख्या बारीक वस्तूला पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर बरा. त्याच्या नळीच्या तोंडावर नायलॉनचा पायमोजा ताणून बांधला की वस्तू आत जात नाही, जाळीला चिकटून बाहेर येते. मोबाइलला जोडायचा नळीसारखा कॅमेरा असला तर हे सगळं डोळ्यांदेखत करता येतं. आणि वस्तू आडव्या भिंतीपलीकडे गेली असेल, तर एका बाजूच्या चाकांखाली उताराचे ठोकळे घालून गाडी कलती करायची; थोड्या पाण्यासोबत वस्तू झाकणाकडे घसरण्याची शक्यता असते. आपल्याकडे विहिरीत पडलेला पोहरा काढायला गळ टाकत, त्यामागची युक्ती हीच होती: वस्तूचा कान, कडी, कड कुठे आहे ते ओळखायचं आणि तिथेच पकडायचं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. प्लॅस्टिकचं झाकण तळाशी पडून राहिलं तर बिघडलं काय? काही वस्तूंच्या बाबतीत तो बरोबर आहे. स्वच्छ, साध्या प्लॅस्टिकचा तुकडा सहल संपेपर्यंत आत राहिला आणि पंपाच्या किंवा पाणी सोडायच्या तोंडाशी जाऊन बसला नाही, तर आकाशपाताळ एक करण्याची गरज नाही. पण गाडीच्या रिमोटमध्ये बटणासारखी बॅटरी असते, आणि ती पाण्यात राहिली की गंजून तिच्यातली द्रव्यं पाण्यात उतरू लागतात; ते पाणी पिऊ नये. पितळेच्या काही जुन्या मिश्रणांत शिसं असतं. शिवाय कोणतीही वस्तू तिच्या अंगावरची धूळ, हातांचा मळ, जमिनीवरची माती घेऊनच आत जाते. म्हणून वस्तू राहू द्यायची की नाही, हे ती किती महाग आहे यावरून ठरवू नये. पाणी कोण पिणार आहे यावरून ठरवावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टाकीत हात घालायची गरजच काय, औषध टाकलं की झालं, असं पुष्कळ जण म्हणतात. औषधाचं गणित सोपं आहे: टाकी निर्जंतुक करायला लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन तासभर ठेवण्याची पद्धत आहे. शंभर लिटरला पाच ग्रॅम क्लोरीन, म्हणजे पाच टक्क्यांच्या बिनवासाच्या ब्लीचचे सुमारे शंभर मिलिलिटर. नंतर टाकी पुन्हापुन्हा खंगाळायची. गरम पाण्याच्या स्टीलच्या बंबात क्लोरीन जाऊ द्यायचं की नाही, हे बंबाच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहायचं. पण क्लोरीन आधी मळावर खर्च होतं आणि उरलं तरच जंतूंवर काम करतं. टाकीच्या भिंतींवर जो बुळबुळीत थर धरतो, त्याच्या आडोशाला जंतू तगून राहतात. फिलाडेल्फियातल्या 1976 च्या साथीनंतर ज्याची ओळख पटली, तो लिजिओनेला जंतू 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आणि अशाच थरात वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून आधी घासायचं आणि मग औषध, हा क्रम उलटा चालत नाही. घासायला हात आत गेला पाहिजे. भोकं पाडताना उडालेले प्लॅस्टिकचे कीस नव्या टाकीतही राहिलेले सापडतात. ते औषधाने विरघळत नाहीत.

गाडी बनवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. प्रत्येक मोठं झाकण म्हणजे पाणी झिरपण्याची एक जागा, आणि पोटाखालच्या टाकीवर झाकणाला उंची मिळत नाही, असं म्हणता येईल. पण रबरी गोल बसवलेली फिरकीची झाकणं सर्रास मिळतात, बाकाखालच्या टाक्यांवर ती वर्षानुवर्षं चालतात, आणि मागाहून भोक पाडून बसवण्याचे संचही आहेत. पोटाखालच्या टाकीसाठी गाडीच्या फरशीत छोटी झडप ठेवता येते. खर्च थोडा वाढेल, पण टाकीतलं पाणी लेकरंही पितात.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने घेण्याचा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. आपलं हवामान लक्षात घेता टाकीतलं पाणी वर्षातले बरेच महिने त्याच 20 ते 45 अंशांच्या पट्ट्यात राहणार, त्यामुळे इथे ही काळजी युरोपाहून जास्तच घ्यायला हवी. गाडी घेताना गादीचा मऊपणा पाहण्याआधी बाकावरची उशी उचलावी, टाकीचं झाकण कुठे आहे ते विचारावं, ते उघडून हात घालावा आणि चारही कोपरे हाताला लागतात का ते पाहावं. लागत नसतील, तर त्या टाकीचं पाणी भांडी घासायला वापरावं आणि प्यायचं पाणी वेगळं न्यावं.